डिजिटल ग्रंथालयाचा वापर तपासायचा, तर विद्यार्थी कुठून परत फिरतो ते आधी पाहा

प्रश्न असा आला आहे: विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयाचा विद्यार्थी किती आणि कसा वापर करतात, हे तपासून ग्रंथालय समितीपुढे अहवाल ठेवायचा आहे. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे आणि प्रकाशकांकडून वर्षभराचे डाउनलोडचे आकडेही आले आहेत. एवढ्यावर भागेल का, आणि नमुना किती विद्यार्थ्यांचा घ्यावा?

एवढ्यावर भागणार नाही. तुमच्या हातात जे आहे ते टाकाऊ नाही, पण त्यातून फक्त दोन प्रकारचे विद्यार्थी दिसतात. डाउनलोडच्या आकड्यांत दिसतो तो लेखापर्यंत पोहोचलेला विद्यार्थी. प्रश्नावलीत दिसतो तो उत्तर द्यायला तयार असलेला विद्यार्थी, आणि तोही त्याला जेवढे आठवते तेवढेच सांगतो. काहीतरी शोधायला आला, मध्येच अडला आणि निघून गेला, असा तिसरा विद्यार्थी दोन्हीकडे गैरहजर असतो. मूल्यमापनाचा खटाटोप मुख्यतः त्याच्यासाठी करायचा असतो, म्हणून या उत्तराचा बराचसा भाग त्याला कसे गाठायचे याबद्दल आहे.

त्याआधी समितीला एक गोष्ट विचारून घ्या: या अहवालावरून काय ठरवायचे आहे? कोणत्या जर्नलची वर्गणी चालू ठेवायची हे ठरवायचे असेल, तर शीर्षकवार आकडे आणि विभागवार गरज लागेल. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी ग्रंथालयाकडे फिरकत का नाहीत हे समजून घ्यायचे असेल, तर लॉगिनच्या नोंदी आणि प्रत्यक्ष निरीक्षण लागेल. प्रशिक्षणावर किती वेळ द्यायचा हे ठरवायचे असेल, तर विद्यार्थी कोणत्या पायरीवर चुकतो ते पाहावे लागेल. नुसते ‘वापराचे मूल्यमापन’ एवढ्याच नावाने काम सुरू केले की सगळेच थोडेथोडे गोळा होते आणि कशाचाच निर्णय होत नाही. दोन-तीन निर्णय कागदावर लिहून घ्या आणि त्यांना लागेल तेवढीच माहिती जमवा.

आता प्रकाशकांच्या आकड्यांकडे वळू. तुमच्याकडे आलेले रिपोर्ट बहुधा ‘काउंटर’च्या (COUNTER, म्हणजे ई-साधनांचा वापर सगळ्या प्रकाशकांनी सारखाच मोजावा यासाठीच्या) नियमांप्रमाणे बनवलेले असतील. ही नियमावली पहिल्यांदा २००३ मध्ये आली. तिची पाचवी आवृत्ती २०१९ पासून आणि त्यातली ५.१ ही सुधारणा २०२५ पासून लागू झाली. या रिपोर्टमध्ये ‘इन्व्हेस्टिगेशन’ आणि ‘रिक्वेस्ट’ असे दोन वेगळे मोजमाप असते. सारांश पाहिला, संदर्भ पाहिले, लेख उघडला, यांतले काहीही केले तरी ते इन्व्हेस्टिगेशन. पूर्ण मजकूर उघडला किंवा उतरवून घेतला तरच ती रिक्वेस्ट. दोन्हींमध्ये पुन्हा ‘टोटल’ आणि ‘युनिक’ असा फरक आहे. विद्यार्थ्याने लेख आधी वेबपानावर वाचला आणि मग त्याच बैठकीत त्याची पीडीएफ घेतली, तर टोटल दोन आणि युनिक एक. घाईत त्याच दुव्यावर दोनदा टिचकी पडली आणि दोन्हींमधले अंतर ३० सेकंदांच्या आत असेल, तर ती एकच धरली जाते.

तुमच्या कामाला लेखांसाठी ‘युनिक आयटम रिक्वेस्ट’ आणि पुस्तकांसाठी ‘युनिक टायटल रिक्वेस्ट’ हेच रकाने घ्या. पुस्तकांबाबत हे फार महत्त्वाचे आहे. काही संकेतस्थळे ई-बुक प्रकरणवार देतात, काही एकाच फाइलमध्ये अख्खे देतात. बारा प्रकरणांचे पुस्तक एका विद्यार्थ्याने प्रकरणवार उतरवले, तर टोटलच्या रकान्यात बारा दिसतात. तेच पुस्तक दुसऱ्या संकेतस्थळावर असेल तर एकच. हे लक्षात न घेता दोन पुरवठादारांची तुलना केली, तर चांगल्या वापराचे पुस्तक बंद आणि साधारण वापराचे चालू राहू शकते. २०१९ च्या आधीचे आकडेही सोबत मांडणार असाल, तर आलेखात तिथे रेघ तोडा. मोजण्याची पद्धतच बदलली असल्याने दोन्ही बाजूंचे आकडे एका ओळीत बसत नाहीत.

आकडे नीट निवडले तरी हे रिपोर्ट संस्थेचे असतात. त्यात विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी असा भेद नसतो. लहान डेटाबेसच्या बाबतीत एका संशोधकाने एका महिन्यात प्रबंधासाठी केलेली झाडाझडती वर्षाचा आकडा फुगवू शकते, आणि तो आकडा ‘विद्यार्थ्यांचा वापर’ म्हणून अहवालात जातो. ‘अॅक्सेस नाकारला’ या रकान्याबद्दलही सावध राहा. तो उपयोगी आहे, कारण वर्गणी नसलेले काय मागितले जाते हे त्यातून कळते. पण त्यात नोंद होण्यासाठी समोरची व्यक्ती तुमच्या संस्थेची आहे हे प्रकाशकाला कळावे लागते. घरून सर्च इंजिनवरून थेट लेखाच्या पानावर गेलेला, लॉगिन न केलेला आणि पैसे मागणारी पाटी पाहून माघारी फिरलेला तुमचा विद्यार्थी प्रकाशकाच्या लेखी कुठलाच नसतो. आपण वर्गणी भरलेल्या लेखापासून तो परत जातो आणि त्याची कोणाच्याही रिपोर्टमध्ये खूण राहत नाही.

विद्यापीठाचे स्वतःचे प्रबंध-भांडार असेल तर त्याचे डाउनलोड वेगळ्या पानावर ठेवा. तिथे सर्च इंजिनांच्या यंत्रांच्या फेऱ्या आणि बाहेरचे वाचक यांचा वाटा मोठा असतो. यंत्रांच्या भेटी गाळल्याशिवाय तो आकडा वापरूच नये, आणि गाळल्यावरही त्याला विद्यार्थ्यांचा वापर म्हणू नये.

खरी खाण आहे ती तुमच्याच सर्व्हरवर, लॉगिनच्या नोंदींमध्ये. ईझीप्रॉक्सीसारखी प्रॉक्सी (आवाराबाहेरच्या विद्यार्थ्याला लॉगिन करून घेऊन विद्यापीठाच्या पत्त्यावरून प्रकाशकाकडे नेणारी यंत्रणा) असो किंवा शिबोलेथ, ओपनअथेन्स यांच्यासारखी एकाच पासवर्डने सगळीकडे जाऊ देणारी व्यवस्था असो, कोण, केव्हा, कुठे गेले याची ओळ कुठेतरी लिहिली जात असते. नेटवर्क विभागाकडे पहिल्याच दिवशी दोन प्रश्न घेऊन जा. आवाराच्या आतून येणारे विद्यार्थी प्रॉक्सीतून जातात की आयपी पत्त्यावरून थेट प्रकाशकाकडे? थेट जात असतील, तर प्रॉक्सीची नोंद म्हणजे फक्त आवाराबाहेरचा वापर, आणि अहवालात तसे लिहावे लागेल. दुसरा प्रश्न: वसतिगृहाचे वायफाय ‘आत’ धरले जाते की ‘बाहेर’? वायफायवरचे शेकडो विद्यार्थी बाहेरून एकाच आयपी पत्त्याने दिसत असतील, तर आयपीवरून माणसे मोजण्याचा विचार सोडून द्या.

या नोंदींतून पहिली काढायची गोष्ट म्हणजे पोहोच. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी या सत्रात निदान एकदा लॉगिन केले, हे वर्षवार आणि विभागवार काढा. ग्रंथालयांच्या कामगिरीचे निर्देशक ठरवणाऱ्या आयएसओ ११६२० या मानकातही लक्ष्यगटापैकी किती टक्के लोकांपर्यंत ग्रंथालय पोहोचले, असा निर्देशक आहे. एकूण डाउनलोड किती, यापेक्षा हा आकडा कितीतरी जास्त सांगून जातो. कारण ई-साधनांचा वापर नेहमीच असमान असतो. थोडे विद्यार्थी पुष्कळ वापरतात आणि पुष्कळ विद्यार्थी जेमतेम. अशा वेळी ‘दर विद्यार्थ्यामागे सरासरी इतके लेख’ हे वाक्य दिशाभूल करते. सगळ्या विद्यार्थ्यांना वापराच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधल्याचा वापर किती, हे सांगा. तो शून्य निघाला तरी सांगा. समितीला तेच कळायला हवे.

दुसरी गोष्ट म्हणजे दारापाशी होणारी गळती, आणि इथे घाई करू नये. लॉगिनच्या पानावर किती जण आले आणि त्यांपैकी किती आत गेले, हे ताडून पाहा. एखाद्या रात्रीच्या नोंदी उघडून ओळीने वाचल्या तर असे काहीतरी हमखास सापडते: ११ वाजून ४२ मिनिटांनी एक विद्यार्थी लेखाच्या दुव्यावरून लॉगिनच्या पानावर येतो. ४३ व्या मिनिटाला पासवर्ड चुकतो. त्याच मिनिटात पुन्हा चुकतो. ४४ व्या मिनिटाला पासवर्ड बदलण्याच्या पानाकडे जातो. त्या खात्याची पुढची ओळ नाहीच. प्रकाशकाच्या रिपोर्टमध्ये या भेटीचे मोल शून्य. पुढे तुमची प्रश्नावली त्याच्यापर्यंत पोहोचते, तो ‘वापरत नाही’ यावर खूण करतो, आणि आपण निष्कर्ष काढतो की जागरूकता कमी आहे, ओळखवर्ग वाढवायला हवेत. त्याला जागरूकतेची काही गरज नव्हती. त्याला लेख हवा होता, तो कुठे आहे हे माहीत होते, आणि रात्री पावणेबाराला तो दाराशी आला होता.

ही गळती कशाने होते ते तासांनुसार, विभागांनुसार, मोबाइल की संगणक यानुसार लावून पाहिले की कारणे आपोआप वेगळी होतात. एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची यादी लॉगिन सर्व्हरवर चढायलाच प्रवेशानंतर कित्येक आठवडे लागत असत. ओळखवर्ग सत्राच्या सुरुवातीला होई. वर्गात सगळे समजले, घरी जाऊन केले तर खाते नाही, असा प्रकार. त्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही यात नवल नाही. अशा दोषाला प्रश्नावलीत रकानाच नसतो. विद्यार्थ्याला फक्त ‘चालत नाही’ एवढे माहीत असते.

तिसरी गोष्ट, शोधाच्या खिडकीत लिहिलेले शब्द. तुमच्या कॅटलॉगमध्ये किंवा एकत्रित शोधयंत्रणेत एकही निकाल न मिळालेल्या शोधांची यादी मिळत असेल, तर एका महिन्याची यादी मागवा आणि स्वतः डोळ्यांखालून घाला. यंत्राने वर्गवारी करण्याआधी माणसाने वाचलेली बरी. त्यात चुकीचे स्पेलिंग असते, गृहपाठाचा अख्खा प्रश्न चिकटवलेला असतो, अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक असतो, शिक्षकांचे आडनाव असते, आणि जी पाठ्यपुस्तके ई-बुक म्हणून विकतच मिळत नाहीत त्यांची नावे असतात. यांतल्या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. सांकेतिक क्रमांकाने शोधणाऱ्याला प्रशिक्षण द्यायचे नसते, त्या क्रमांकाशी वाचनसाहित्य जोडून द्यायचे असते.

मराठी साहित्य असलेल्या संग्रहांत एक अडचण तर डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एकात खालचा ठिपका असलेले ऱ हे वेगळे अक्षर वापरले जाते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. कॅटलॉग एका पद्धतीने भरला असेल आणि विद्यार्थ्याचा मोबाइल दुसऱ्या पद्धतीने टंकत असेल, तर ग्रंथ असूनही निकाल शून्य. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये बनवलेल्या पीडीएफची स्थिती याहून वाईट: वाचायला मजकूर स्वच्छ, पण आत शोधले तर काही सापडत नाही. नुसती छायाचित्रासारखी स्कॅन केलेली पाने असतील तर पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ते पुस्तक कोरेच. निकालशून्य शोधांची यादी वाचताना देवनागरी शोध वेगळे काढून ठेवा आणि त्यांतले काही स्वतः दोन्ही प्रकारे टंकून पाहा.

नोंदी ‘कुठे’ ते सांगतात, ‘का’ ते सांगत नाहीत. त्यासाठी विद्यार्थ्याशेजारी बसावे लागते. वापरसुलभतेच्या चाचणीत पाच माणसांत बहुतेक मोठे दोष दिसून येतात, हे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचे म्हणणे बहुतेकांनी ऐकलेले असते. ते एकसारख्या वापरणाऱ्यांच्या एका गटाबद्दल आहे, हे मात्र अनेकदा सुटून जाते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे, पदव्युत्तर आणि संशोधक असे निदान तीन गट वेगळे धरा आणि प्रत्येकातले पाच-पाच घ्या. जे ग्रंथालयात नेहमी दिसतात त्यांनाच बोलावू नका.

काम देताना संकेतस्थळावरचे शब्द वापरू नका. ‘डिस्कव्हरी सर्चमधून फुल टेक्स्ट मिळवा’ असे म्हटले की कोणते बटण दाबायचे हे आपणच सांगून टाकतो. कागदावर छापलेला एक संदर्भ हातात द्या आणि म्हणा, ‘हा लेख सरांनी वाचायला सांगितला आहे. वाचायला उघडून दाखव. करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोल.’ मग गप्प बसा. हे गप्प बसणे आपल्याला सगळ्यात अवघड जाते, कारण मदत करण्याची सवय अंगात मुरलेली असते आणि हात माउसकडे जातो.

पाहण्यासारखे असते ते असे. विद्यार्थी लेखाचे अख्खे शीर्षक टंकतो. निकाल येतात, हवा तो लेख पहिलाच. त्याखाली ‘उपलब्धता तपासा’ अशी कळ. तो ती दाबत नाही, शीर्षकावर टिचकी मारतो, कारण इतर सगळीकडे शीर्षकावर टिचकी मारूनच वस्तू उघडते. सारांशाचे पान येते. खाली-वर सरकवतो. पुन्हा मागे. आता कळ दाबतो, नवी खिडकी उघडते, तिच्यात तीन पुरवठादारांची नावे आणि प्रत्येकापुढे वर्षांचे आकडे. ‘यातलं कुठलं?’ असे तो स्वतःशी म्हणतो, पहिले निवडतो, आणि जर्नलच्या मुखपृष्ठावर पोहोचतो. लेख नाही, खंड आणि अंकांची यादी. इथे पुष्कळ जण खिडकी बंद करतात आणि नेहमीच्या सर्च इंजिनकडे वळतात. शीर्षक टंकल्यापासून खिडकी बंद करण्यापर्यंतचा हा प्रवास समितीतल्या कोणालाही एकदा दाखवा. दुव्यांची दुरुस्ती आणि कळीवरचे शब्द यांवर मग वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

चाचणी संपल्यावर जॉन ब्रुक यांची वापरसुलभता मोजणारी, दहा विधानांची एसयूएस प्रश्नावली द्यायला हरकत नाही, पाच मिनिटे लागतात. तिचा गुणांक ० ते १०० मध्ये येतो, पण तो टक्के नव्हे. साधारण ६८ ही सरासरी मानली जाते, म्हणून ६० गुण म्हणजे ‘फर्स्ट क्लास’ असे अहवालात लिहू नका.

आता तुमची चाळीस प्रश्नांची प्रश्नावली. ‘तुम्ही डिजिटल ग्रंथालय किती वेळा वापरता? रोज, आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत असतो आणि त्याच्या उत्तरावर विसंबता येत नाही. एक तर माणसाला सवयीची वारंवारता नीट आठवत नाही, आणि ग्रंथालयाने विचारले म्हणून उत्तर थोडे चढते. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. विद्यार्थी गूगल स्कॉलरवर शोधतो, तिथल्या दुव्यावरून आवाराच्या वायफायवर लेख लगेच उघडतो, आणि ‘मला गूगलवर फुकट मिळाला’ असे त्याला वाटते. वर्गणी ग्रंथालयाने भरलेली असते. तो मनापासून ‘वापरत नाही’ असे लिहितो आणि लॉगमध्ये तो रोज वापरणारा असतो.

म्हणून सवय विचारू नका, शेवटचा प्रसंग विचारा. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या ‘क्रिटिकल इन्सिडंट’ पद्धतीचा हा उपयोग आहे, आणि कॅरल टेनोपिर व डोनाल्ड किंग यांनी शास्त्रज्ञांच्या वाचनाचा अभ्यास करताना ‘तुम्ही सर्वांत अलीकडे वाचलेला लेख’ असाच प्रश्न वर्षानुवर्षे विचारला. तुमच्या प्रश्नावलीत हे असे येईल: अभ्यासासाठी तुम्ही शेवटचे काय शोधले? ते का हवे होते? सुरुवात कुठून केली? मिळाले का? मिळाले नसेल तर कुठे थांबलात? मग काय केले? शेवटच्या प्रश्नाला मोकळी जागा सोडा. ‘मित्राकडून मागवला’, ‘दुसराच विषय घेतला’, ‘सारांशावरूनच लिहिले’, ‘साय-हबवरून (वर्गणीचे लेख परवानगीविना फुकट देणाऱ्या संकेतस्थळावरून) घेतला’ अशी उत्तरे येतात आणि प्रत्येक उत्तर ग्रंथालयाबद्दल काहीतरी ठोस सांगते. ही उत्तरे प्रामाणिक यायला हवी असतील तर प्रश्नावलीवर नाव, क्रमांक, ईमेल काहीही मागू नका.

तयार चौकटींबद्दल पुष्कळजण विचारतात. डेव्हिस यांचे १९८९ चे टॅम प्रतिमान, म्हणजे उपयुक्तता आणि सुलभता यांवरून स्वीकार कसा घडतो ते मांडणारे, पदवीच्या प्रबंधांत फार चालते. माझे मत असे की समितीच्या कामाला ते अपुरे आहे. त्यातून वापरण्याचा इरादा कळतो, तो रात्री पावणेबाराला काय होते हे सांगत नाही. लिबक्वाल ही ग्रंथालय-सेवांचा दर्जा मोजणारी प्रश्नावली चांगले साधन आहे, त्याच्या २२ मुख्य प्रश्नांत प्रत्येक सेवेची किमान अपेक्षा, इच्छित पातळी आणि प्रत्यक्ष अनुभव असे तीन आकडे घेतले जातात, त्यामुळे नुसत्या ‘समाधानी/असमाधानी’पेक्षा दरी नेमकी दिसते. पण ते संपूर्ण ग्रंथालयाचे मोजमाप आहे. इतर संस्थांशी तुलना करायची असेल तरच घ्या.

प्रश्नावलीपेक्षा स्वस्त आणि जास्त विश्वासार्ह असा एक स्रोत आपल्याच कपाटात असतो: विद्यार्थ्यांनी सादर केलेले प्रकल्प आणि लघुप्रबंध. त्यांतले काही यदृच्छेने निवडा आणि संदर्भसूच्या तपासा. प्रत्येक नोंदीपुढे लिहा: आपल्या वर्गणीत आहे, मुक्त उपलब्ध आहे, की कुठेच नाही. सगळे संदर्भ मुक्त संकेतस्थळांचे आणि आपल्या वर्गणीतले जवळजवळ काहीच नाही असे एखाद्या विभागात दिसले, तर त्या विभागाच्या मार्गदर्शकांशी बोलायला हवे. उलट, आपल्याकडे नसलेले तेच ते जर्नल पुन्हा पुन्हा येत असेल, तर खरेदीसाठी यापेक्षा भक्कम पुरावा नाही. संदर्भ दिला म्हणजे वाचला असे नाही, हे मात्र अहवालात स्पष्ट लिहा.

वापर आणि गुण यांचा संबंध दाखवा, अशी मागणी समितीतून बहुधा येईलच. हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटनमधल्या आठ विद्यापीठांत २०११ मध्ये असा अभ्यास झाला. ग्रंथांची देवघेव आणि ई-साधनांचा वापर यांचा पदवीच्या निकालाशी संबंध दिसला, ग्रंथालयात प्रत्यक्ष येण्याचा दिसला नाही. अभ्यासकांनी स्वतःच बजावले होते की हा संबंध आहे, कारण नव्हे. मेहनती विद्यार्थी लेखही वाचतो आणि गुणही मिळवतो. तुमच्याकडे असा संबंध निघाला, तर त्याच वाक्यात ही मर्यादाही लिहा. आणि हा अभ्यास करायचाच असेल, तर आधी नैतिक परवानगी घ्या.

खासगीपणाबद्दल तडजोड करू नका. कोणता विद्यार्थी काय वाचतो हे ग्रंथालयाकडून बाहेर जाता कामा नये, विभागप्रमुखांनी मागितले तरी नाही. नोंदी हाती आल्याबरोबर विद्यार्थी क्रमांकांच्या जागी उलट शोधता न येणारे संकेत टाका, वर्ष आणि विभाग एवढेच सोबत ठेवा, लेखांची शीर्षके या फाइलमधून काढून टाका. तक्त्यातल्या एखाद्या चौकटीत दहापेक्षा कमी विद्यार्थी असतील तर ती चौकट दाखवू नका, लहान विभागात कोण ते लगेच ओळखू येते. विश्लेषण संपल्यावर मूळ फाइल नष्ट करण्याची तारीख आधीच ठरवा. आपण काय पाहतो याची नोंद राहते आणि ती कोणीतरी वाचते, असे विद्यार्थ्याला वाटले की तो नाजूक विषय शोधणे बंद करतो. मानसिक आरोग्य, कायदा, राजकारण अशा विषयांत हे नुकसान मोठे असते.

नमुन्याबद्दल: एकूण संख्येवरून नमुना किती घ्यावा हे सांगणारा क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता सगळेजण वापरतात. त्यानुसार १,००० विद्यार्थ्यांसाठी २७८, १०,००० साठी ३७० पुरतात. पण ही संख्या यदृच्छ नमुन्यासाठी आहे. वाचनकक्षात बसलेल्या ३७० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली, तर ते सगळे आधीच ग्रंथालयात आलेले असतात, आणि मग संख्या कितीही वाढवली तरी दोष जात नाही. तासिकांची यादी घ्या, त्यातून वर्ग यदृच्छेने निवडा, शिक्षकांची दहा मिनिटे मागून घ्या आणि वर्गात बसल्याबसल्या भरून घ्या. एका वर्गातले विद्यार्थी एकमेकांसारखे असतात, म्हणून थोडे वर्ग पूर्ण घेण्यापेक्षा जास्त वर्ग घ्या. विभागवार निष्कर्ष काढायचे असतील तर ३७० एकूण पुरणार नाहीत, प्रत्येक विभागात पुरेसे विद्यार्थी लागतील.

तुमच्या जागी मी कामाचा क्रम असा लावला असता: आधी लॉगिनची गळती आणि निकालशून्य शोध, कारण त्यांना कोणाची परवानगी सोडली तर काही लागत नाही आणि दोन आठवड्यांत चित्र दिसू लागते. त्यातून जे अडथळे दिसतील त्यांवरून चाचणीची कामे बेता. प्रश्नावली सगळ्यात शेवटी, बारा-पंधरा प्रश्नांची, आणि आधी दहा-पंधरा विद्यार्थ्यांवर करून पाहिलेली. चाळीस प्रश्नांतले समाधान आणि जागरूकता विचारणारे बहुतेक प्रश्न काढता येतील. ‘तुम्हाला कोणते डेटाबेस माहीत आहेत’ ही लांबलचक यादी तर नक्कीच, कारण विद्यार्थ्याला पुरवठादाराचे नाव माहीत असण्याची गरज नसते.

समितीपुढे पहिल्या पानावर तीन आकडे ठेवा: किती टक्के विद्यार्थी सत्रात निदान एकदा पोहोचले, लॉगिनच्या पानावर आलेल्यांपैकी किती आत गेले, आणि दिलेला लेख किती जणांनी विनामदत उघडला. प्रत्येकाशेजारी काय दुरुस्त करायचे आणि ते कोण करणार हे लिहा. दुरुस्ती झाल्यावर पुढच्या वर्षी सत्राच्या त्याच आठवड्यांत, तीच कामे नव्या विद्यार्थ्यांना देऊन हे तिन्ही पुन्हा मोजा. परीक्षेच्या महिन्याची सुट्टीच्या महिन्याशी तुलना करू नका.